मोकळी सोडलेली पानं

किल्लीवाल्याला बायकोचा संशय आला तो तिच्याच हस्ताक्षरातून, आणि तोही छापायला द्यायच्या मजकुरातून. लोकांना चिठ्ठ्या सापडतात, कुणी कुणाशी बोलताना दिसतं. याला सापडला एक अख्खा पुरुष, कादंबरीच्या मधोमध, शर्टाच्या बाह्या दुमडून उभा असलेला.

पण आधी या दोघांचा उद्योग सांगायला हवा, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. आठवडाभर तो बाजाराच्या कोपऱ्यावरच्या टपरीत बसून कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवून द्यायचा. आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की नवराबायको मिळून चावट कादंबऱ्या लिहायचे. हो, चावटच. पेपरवाल्याकडे मागच्या फळीवर असतात आणि लोक कागदात गुंडाळून नेतात, त्याच. वर नाव एका बाईचं, जी कधी जन्मालाच आली नव्हती. लग्न होऊन गेलेल्या मुलीला वाटायचं, आईबाबा कुठल्याशा कंपनीची माहितीपत्रकं लिहून देतात. तीही बिचारी कौतुक करायची.

सुरुवात त्याच्या रहस्यकथांपासून झाली. किल्लीवाल्याला गोष्ट रचायचा भारी नाद. मृत्युपत्रं, जुळे भाऊ, तळघरं, आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी कुठेतरी कोंडलं जायचंच. प्रकाशकाने सगळं वाचलं आणि म्हणाला, "अहो, तुमची माणसं बंद खोलीत जातात आणि कागदपत्रं शोधत बसतात! एक बाई, एक पुरुष, दाराला आतून कडी, आणि यांना कागदपत्रं सुचतात? तसं काही लिहा, उद्या छापतो."

त्याने लिहून बघितलं. काय लिहिलं होतं देव जाणे. आधी हे सरकवलं, मग ते फिरवलं, मग जरा जोर लावला. बायको पक्की प्रत करायला बसली होती, ती हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. "अहो, हे कुलूप उघडताय की काय?" म्हणाली. तो असा खजील झाला की म्हणाला, मग तूच लिही. आणि तिने खरंच लिहिलं.

तेव्हापासून रीतच पडली. गोष्ट त्याची. जिथे प्रसंग यायचा तिथे तो पानं कोरी सोडायचा, वर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'तू' असं लिहायचा, आणि चपला घालून बाहेर पडायचा. ती लिहायची. संध्याकाळी परत येऊन तो गठ्ठा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशकाकडे टाकायचा. तिची पानं त्याने कधी वाचली नाहीत. एक तर लाज वाटायची. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, त्याला ती पानं म्हणजे मिठासारखी वाटायची. स्वयंपाक त्याचा, मीठ तिचं. मिठाची चव वेगळी कोण बघतो?

आणि एक दिवस तो नवा गठ्ठा टाकायला गेला, तर प्रकाशक म्हणाला, "पुढच्या पुस्तकात गोष्ट निम्मी करा."

"निम्मी?"

"वाचक तुमची पानं उलटून बाईंच्या पानांवर जातात हो. तळघर आलं की जांभया. रागावू नका, पण बाईंच्या हाताला काहीतरी आहे."

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याने चहासुद्धा घेतला नाही. एवढी वर्षं मरमरून गोष्ट मी रचायची, आणि नाव हिच्या हाताचं! गठ्ठा परत काखेत मारून तो प्रकाशकाच्या जिन्यातच बसला आणि गाठ सोडली. बघू तरी काय एवढं आहे ते.

होतं हो. तेच तर झालं ना. 'तो तिच्या केसांतल्या पिना एकेक काढून आपल्या खिशात टाकत होता. घाई नव्हती त्याला. मध्येच ती काहीतरी बोलली आणि दोघं असे हसत सुटले की पुढचं सगळं राहूनच गेलं, आणि राहून गेलं म्हणूनच पुन्हा सुरू झालं.' किल्लीवाल्याने ते पुन्हा वाचलं. मग त्या पुरुषाच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग आला. मग त्याची ती सवय, तिच्याजवळ येण्याआधी हात चोळून गरम करायची. हा माणूस किल्लीवाल्याने लिहिलेलाच नव्हता. त्याचा नायक वकील होता, गाडीतून फिरायचा. हा कुणी दुसराच होता, आणि बायकोला तो नखशिखान्त पाठ होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली. कारण किल्लीवाला पिना काढत नसे. हसत तर मुळीच नसे. त्याचे हात थंड असायचे, दिवसभर लोखंड धरून.

आता मनगटावर भाजल्याचा डाग कुणाच्या असतो? त्याने डोकं लढवलं आणि उत्तर चटकन सापडलं. बेकरीवाल्याच्या! बायको रोज सकाळी पाव आणायला स्वतः जाते. इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही की तुम्ही आणा. झालं! दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या उजाडताच बेकरीत हजर. बायकोला म्हणाला, पाय मोकळे करायला जातो. बेकरीत बघतो तर काय, मालक, त्याचा भाऊ, मेहुणा आणि भट्टीवरचा म्हातारा, सगळ्यांच्या मनगटांवर डाग! भट्टीत हात घालणाऱ्या माणसाला ते असणारच. हा वेड्यासारखा एकेकाच्या हाताकडे टक लावून उभा. शेवटी मालक म्हणाला, "काका, पाव हवाय की हात बघून भविष्य सांगायचंय?"

तेव्हापासून पाव आणायला रोज तोच जाऊ लागला. घरी ती विचारायची, "हल्ली पाव एवढा कशाला आणता हो? उरतो." तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का, ते तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. काही दिसायचं नाही. त्याने तर तो जास्तच जळायचा.

उघड विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? मुलगी सासरी गेलेली, घरात दोनच माणसं. त्यातलं एक उठून गेलं, तर उरलेल्याने त्या घरात करायचं काय? मग त्याने जे हातात होतं तेच वापरलं. गोष्ट तर त्याच्या ताब्यात होती ना! बघतो म्हणाला, कसा जवळ येतो हा.

पुढच्या कादंबरीत त्याने नायकाला दुसऱ्याच प्रकरणात बोटीवर चढवून परदेशी धाडलं. बायकोने बंदरावरच्या सामानाच्या गोदामात, भोंगा वाजायच्या आत, प्रसंग उरकला. तो परत आला तसा किल्लीवाल्याने त्याचा पाय मोडला. कंबरेपर्यंत प्लास्टर! तिने प्लास्टरसकट लिहिलं, आणि चोरून वाचताना याचेच कान लाल झाले. तेव्हा मात्र त्याने राखून ठेवलेला हुकमाचा एक्का काढला. नायक दाराच्या अलीकडे, नायिका पलीकडे, दार लोखंडी, किल्ली विहिरीत. कुलूप कुठलं, तेसुद्धा त्याने नीट निवडलं. ते तर त्याला स्वतःलाही उघडता आलं नसतं. कोपऱ्यात 'तू' लिहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा शीळ घालत बाहेर पडला.

त्या कादंबरीचा गठ्ठा वाचून प्रकाशकाने त्याला बोलावून घेतलं. हा तयारीनेच गेला, की आता बोलणी बसणार. तर प्रकाशक उभा राहून हात हातात घेतो!

"अहो, माझा चहा निवला वाचता वाचता! आजवर तुमची गोष्ट एकीकडे, बाईंचे प्रसंग दुसरीकडे. गोष्ट थांबायची, प्रसंग व्हायचा, पुन्हा गोष्ट सुरू. या खेपेला ते दार काढलं तर प्रसंग मरतो, आणि प्रसंग काढला तर गोष्ट पुढे सरकत नाही. तोल तोल म्हणून मी इतकी वर्षं ओरडतोय, तो हा! सुचलं कसं तुम्हाला?"

काय सांगणार, कपाळ? तो तसाच जिन्यात आला आणि ते प्रकरण काढून वाचलं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघं जमिनीवर बसली होती. स्पर्श कुठेच नव्हता. तो दाराआडून विचारत होता, आज दिवसभर काय केलंस? आणि ती सांगत होती. उशीचा अभ्रा उसवला, शेजारणीशी वाद झाला, दुपारी उगाच रडू आलं. तो मध्ये बोलत नव्हता. फक्त म्हणत होता, मग? पुढे? आणि ती त्या लोखंडाला गाल लावून एकेक सांगत होती. त्या 'मग' आणि 'पुढे'च्या मध्ये दोघांचे श्वास काय होत होते, ते तिने असं लिहिलं होतं की किल्लीवाल्याने कठडा धरला.

केसांतल्या पिनांनी जेवढा जळाला नव्हता, तेवढा तो आता जळाला. शेजारणीशी वाद झाला होता? खरंच झाला होता की काय? याला कुठे ठाऊक होतं! त्याला मात्र सगळं ठाऊक होतं, त्या हलकटाला.

पुढचा रविवार उजाडला. जेवणं झाली. याने पानं सोडली, चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच माघारी फिरला. बायको टेबलाशी बसून लिहीत होती. तो दारातूनच म्हणाला, "कोण आहे तो?"

"कोण?"

"कोण म्हणून विचारतेस? हात चोळून गरम करणारा! आज काय केलंस म्हणून विचारणारा! बेकरीतलाच ना?"

तिने पेन खाली ठेवलं. मग तिला एकदम उलगडा झाला, तो उरलेला पाव, तो मोडलेला पाय, सगळ्याचा. "अगं बाई," म्हणाली, "म्हणून तुम्ही त्या बिचाऱ्याला बोटीवर घातलंत होय?"

"मनगटावर डाग आहे त्याच्या. मी वाचलंय."

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, माणसाला एखादी खूण दिली की तो खरा वाटतो म्हणून? दिली." ती आता हसत नव्हती. "कुणी नाहीये हो. असता, तर मी इथे लिहीत बसले असते का?"

किल्लीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. कुणी नाही! किती दिवसांनी त्याने मोकळा श्वास घेतला. आणि मग तिच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग सावकाश आत उतरला, आणि तो होता तिथेच उभा राहिला. खरंच कुणी असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. जाऊन कॉलर तरी धरता आली असती.

त्याने चपला काढल्या. बायकोने पुन्हा मान खाली घालून लिहायला घेतलं होतं, आणि लिहिताना तिच्या ओठांवर बारीकसं काहीतरी होतं, जे त्याने घरात कधी बघितलं नव्हतं. खुर्ची ओढून तो जवळ आला.

"मी बसू का इथे?"

"बसा की," ती मान वर न करता म्हणाली. "फक्त बोलू नका. तो आत्ता कुठे बोलायला लागलाय."