दहा माशांची परीक्षा

पारूकाकीने आयुष्यात कुठलीही वस्तू वरून बघून घेतली नाही. छत्री घ्यायला ती रत्नागिरीच्या बाजारात गेली की मला बरोबर न्यायची. दुकानातच छत्री उघडायची, मला तिच्याखाली उभी करायची आणि दुकानदाराच्याच माठातलं तांब्याभर पाणी वरून ओतायची. "भिजलीस काय गो?" मी कोरडी निघाले तर छत्री पसंत. दुकानदार कपाळाला हात लावायचा, पण काकी शांत. "पावसात बगण्यापेक्षा हितंच बगलेली बरी. पावसात तुजा दुकान कुठं शोधत बसू?"

ती मिरकरवाड्यात मासे विकायची. सगळी वाडी, माझ्या आईसकट, तिला काकीच म्हणायची. शाळा चौथीपर्यंत, तीही एका वर्षी गणपतीनंतर परत गेलीच नाही म्हणून संपलेली. पण मासा घेताना जे करायचं तेच ती सगळीकडे करायची. "वरनं सगळाच मासा चकाकतो, बाय. मानेजवळचा कल्ला उचलून बगायचा. आत लाल असला तर ताजा. पांढरा पडला असला तर मग तो कितीपन चकाकू दे." भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाचं घर बघायला ती पुढच्या दाराने गेलीच नाही. मागच्या पडवीतून शिरली आणि सासूबाई भांडी घासणाऱ्या बाईशी कशा बोलतात ते ऐकून आली. ते स्थळ मोडलं. पुढचं जमलं आणि भाची आज हडपसरला सुखाने नांदते आहे.

माझं नाव प्राची. काकीच्या शेजारचं घर आमचं. बाबा ट्रॉलरवर ड्रायव्हर, म्हणजे इंजिन सांभाळणारे. वीस वर्षं त्या धडधडीत काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते ओरडून बोलायचे. ते ओरडायचे म्हणून आई ओरडायची आणि आई ओरडायची म्हणून मी. कुणी पाहुणा आला तर त्याला वाटायचं, आपण भांडणात सापडलो. या आरडाओरड्यात एक गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नाही. दुसरीत असताना माझा उजवा कान वाहायचा. वाहायचा थांबला, सगळ्यांना वाटलं बरा झाला, आणि त्या कानाने मला ऐकू यायचं मात्र बंद झालं. घरातल्या आवाजात एका कानावर माझं भागत होतं. शाळेत मी पहिल्या बाकावर बसायचे आणि बाईंच्या ओठांकडे बघायचे. बाई म्हणायच्या, किती लक्ष देते ही मुलगी!

काकीने ते हेरलं. लिलावाच्या गर्दीत ती उजवीकडून मला हाका मारत होती आणि मी ढिम्म. त्या दिवसापासून ती माझ्या डाव्या बाजूने चालायला लागली. एवढंच. कधी विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. रस्त्यात माझ्या उजवीकडे असली तर मागून वळसा घालून डावीकडे यायची आणि मगच बोलायला सुरुवात करायची. मला वाटायचं, तिची ही सवयच असेल.

बारावीला मला चांगले गुण पडले, सीईटीतही. इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला मुंबईहून बाबांचे मामेभाऊ विलासकाका आले. त्यांनी पहिल्या पसंतीला पुण्याचं मोठं कॉलेज टाकलं. दुसऱ्या पसंतीला आमच्याच जिल्ह्यातलं, चिरेखाणींच्या पलीकडचं एक लहान कॉलेज टाकलं, ते "असू दे आपलं" म्हणून. पुण्याच्या त्या कॉलेजचं नुसतं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे करतो, असं विलासकाका म्हणाले. बाबा वाडीभर सांगत फिरले. मला मात्र जेवण जाईना. एका वर्गात शंभरावर मुलं, आपण कुठे बसणार, सर काय बोलताहेत ते कसं कळणार? नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. बहिऱ्या मुलीचं काय होतं हे मी वाडीत बघितलं होतं. लोक तिच्याशी बोलतच नाहीत, तिच्या आईशी बोलतात.

पावसाळ्याची मासेमारी बंदी होती. होड्या वर ओढलेल्या, काकी सुकी मासळी विकून मोकळी. ती आमच्या घरी आली आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोर चार वर्सां ज्या जागेत ऱ्हायची ती जागा बगलीत काय कुणी?"

"फोटो बघितले की!" बाबा ओरडले.

"फोटो? फोटोत तर मी पन बरी दिसतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी पुण्याला निघालो. हडपसरला भाचीकडे उतरलो. कॉलेज खरोखर देखणं होतं. समोर कारंजं, आत काचेची कपाटं, कपाटात कप. कार्यालयातल्या बाईंनी गुळगुळीत माहितीपत्रक हातात दिलं आणि कॉलेज किती उत्तम आहे ते सांगायला सुरुवात केली. काकीने ऐकून घेतलं. मग माझ्या डाव्या कानाशी म्हणाली, "आपला मासा नासका हाय असां कुठली मासेवाली सांगते?" आणि तिने वर्ग दाखवायची मागणी केली.

शिपाई आम्हाला एका मोठ्या वर्गात घेऊन गेला. काकीने मला शेवटच्या बाकावर बसवलं, हातात पेन दिलं. स्वतः फळ्यापाशी गेली, सगळे पंखे लावायला लावले आणि साध्या आवाजात एकेका माशाचं नाव घेत गेली. ऐकू येईल ते मी लिहायचं. दहा मासे झाल्यावर ती खाली आली. माझ्या कागदावर चार होते. त्यातला एक तिने उच्चारलाच नव्हता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे ती सवय नव्हती. इतकी वर्षं तिला माहीत होतं.

"रडतेस कशाला? कॉलेज नापास झालां, तू नाय," ती म्हणाली. तिच्या लेखी परीक्षा कॉलेजचीच होती. शिपाई मध्येच म्हणाला, मावशी, इथे माईक असतो. "कुठं हाय?" "दुरुस्तीला दिलाय." काकीने मान हलवली. आणलेली सुक्या बांगड्याची पुडी त्याच्या हातात ठेवली आणि आम्ही निघालो.

परतल्यावर दोनच दिवसांत आम्ही लहान कॉलेजात गेलो. जांभ्या दगडाची बैठी इमारत, कारंजं नाही, कप दोनच. काकीने आधी वर बघितलं. स्लॅब होता. "पत्रा असता तर पावसाचे चार महिने फुकट गेले असते." मग शौचालयं बघितली, वाचनालयातली पुस्तकं चाळून कुठली मळलीत ते बघितलं ("मळकी बरी, कोनीतरी वाचलान"). इथल्या वर्गात चाळीस बाकही नव्हते. एक सर फळा पुसत उभे होते. माळी सर, सोलापूरकडचे. काकीने पुण्याच्या त्या गुळगुळीत पत्रकाच्या मागे वाकड्यातिकड्या अक्षरात दहा मासे लिहून आणले होते. ते तिने सरांना मोठ्याने वाचायला सांगितलं.

"मावशी, हे कशासाठी?"

"पोरगी माजी हुशार हाय. तुमचा आवाज कसा हाय ता बगायला आलेय."

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाचायला सुरुवात केली. "बांगडा, सुरमई, मांदेली..." मी शेवटच्या बाकावरून भराभर लिहीत गेले. दहापैकी नऊ बरोबर आले. दहाव्याच्या जागी मी लिहिलं होतं 'सांडोळा'.

"हा कुठला मासा?" काकीने कपाळाला आठ्या घातल्या. कागदावर सौंदाळा होता. सोलापूरच्या माणसाला सौंदाळा कुठून माहीत असणार? त्यांनी सांडोळा वाचलं, मी सांडोळा लिहिलं. काकी इतकी हसली की खाली बाकावर बसली. "कान बरोबर हाय. मास्तरची जीभ चुकली. सौंदाळ्याचा तिखला खायला घालीन तुमाला, मग नाय चुकनार." सरही हसायला लागले.

पसंतीक्रम आधीच भरून झाला होता, आणि घरी आम्ही कॉलेजं बघून आलो एवढंच सांगितलं होतं. पहिली यादी लागली. मला मिळालं ते हेच लहान कॉलेज. मला हायसं वाटलं, पण काम संपलं नव्हतं. मिळालेली जागा पक्की करायची की वरच्या पसंतीची वाट बघायची, हे ऑनलाइन सांगायचं होतं. पक्की करायची तर 'फ्रीझ', वाट बघायची तर 'फ्लोट'. सायबरवाल्या मन्याकडे मी काकीला घेऊन गेले. मन्याने विचारलं, "काय करू? फ्रीझ की फ्लोट?"

काकी ताडकन उठली. "फ्रीज? बर्फात घालतोस? अरे मेल्या, ताज्याला बर्फ कशाला? बर्फात घातला की तो शिळा!"

"काकी, तसं नाही..."

"आनि फ्लोट मना कळत नाय? जाळ्याला लावतात तो. फ्लोट हाय म्हनून जाळां वर ऱ्हातां, नायतर बुडून जायल. फ्लोट कर रे!"

साऱ्या वाडीप्रमाणे मन्यालाही काकीचा शब्द मोडायची सवय नव्हती. मी "थांब" म्हणेपर्यंत त्याने फ्लोट दाबलं. फ्लोट म्हणजे दुसऱ्या यादीत पुण्याची जागा निघाली की माझं नाव तिकडे जाणार आणि इथली जागा कायमची सुटणार. नशिबाने अजून एक पायरी होती. बाबांच्या मोबाइलवर ओटीपी गेला होता, तो टाकल्याशिवाय काही पक्कं होणार नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल हातात धरून बाबाच दारात हजर. आकडा आलेला बघून धावत आले होते. पडद्यावरचं फ्लोट त्यांनी वाचलं आणि आनंदाने ओरडले, "फ्लोट केलांस? शाब्बास! म्हणजे पुणं! घे, लिही आकडा!"

मन्याने बोटं कीबोर्डवर ठेवली. मी काकीकडे बघितलं. मला वाटलं, आता ती सांगेल, आपली सुटका होईल. ती माझ्या डावीकडे आली आणि हळूच म्हणाली, "तुजां तू सांग. मासेवाली लपवते. तू काय मासेवाली हायस?"

आणि मी सांगितलं. बाबांना ऐकू जावं म्हणून ओरडूनच सांगावं लागलं. "बाबा, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही!" सायबरमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. अकरा वर्षं जपलेलं गुपित मी मिरकरवाड्याच्या नाक्यावर जाहीर केलं होतं. बाबांनी मोबाइल खिशात टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात म्हणाले, "तू ओ दिली नाहीस की मला वाटायचं मीच हळू बोलतो."

मन्याने आपण होऊनच निवड मागे घेतली. काकीला मी समजावलं, "फ्रीझ म्हणजे बर्फ नाही गो. फ्रीझ म्हणजे ठरलं. आता बदल नाही."

"मग तसां सांगा ना आधी! लग्नासारखां." ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "कर बाबा फ्रीज." चुकल्याची लाज तिला अजिबात नव्हती. उलट त्या दिवसापासून तो शब्द तिने उचललाच. गिऱ्हाइकाने भाव मान्य केला की "फ्रीज!", गणपतीच्या मखराचा रंग ठरला की "फ्रीज!" पुढे पुढे मिरकरवाड्यात साखरपुडेही फ्रीझ व्हायला लागले.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी माळी सर वर्गात आले, म्हणाले, "सांडोळा कुठे आहे?" मी उभी राहिले. त्यांनी मला उजव्या भिंतीला लागून पहिला बाक दिला, म्हणजे सगळा वर्ग माझ्या डाव्या कानाकडे आला. काकीने तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, पण मासे लिहिताना मी डावा कान पुढे करत होते, त्यावरून त्यांना कळलं होतं. त्या बाकावर मी चार वर्षं बसले. त्या बाकाने मला जे दिलं ते पुण्याच्या कारंज्याने दिलं नसतं, हे मी आज नोकरी करताना कुणालाही छातीठोक सांगते. विलासकाकांनाही सांगितलं.

काकीचा मुलगा सुरेशदादा विरारला असतो. मध्ये तो तिला फ्लॅटवर घेऊन गेला होता. आठ दिवसांत ती परत आली. "कल्ला उचलून बगला. खिडकी मोठी हाय, पन खिडकीत उभी ऱ्हायलेय तर हाक मारनारा कोन नाय." गेल्या वर्षी ती आजारी पडली तेव्हा दादा पुन्हा न्यायला आला. मी सुट्टी काढून गेले. तिची खाट भिंतीला लागून होती आणि स्टूल अशा जागी होतं की बसल्यावर माझा उजवा कान तिच्याकडे यायचा. मला बघताच ती हाताचा रेटा देऊन उठायला लागली. त्या अवस्थेतही तिला डावीकडे यायचं होतं.

"काकी, उठू नको. मशीन घेतलंय मी. पहिल्या पगारातून. या कानानं ऐकू येतं आता."

तिचा विश्वास बसला नाही. बघितल्याशिवाय तिचा कशावर बसला होता? तिने मला खाली वाकायला लावलं आणि माझ्या उजव्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी पुटपुटली.

"सौंदाळा," मी म्हटलं.

ती हसली. दात नव्हते, पण हसू तेच, बाकावर बसवणारं. मग पुन्हा माझा कान ओढून म्हणाली, "सुरेस न्यायला आलाय. त्याला सांग, मी फ्रीज केलंय."

मी बाहेर आले. दादा ओटीवर बॅग भरून उभा होता. मी निरोप सांगितला. तो इतकी वर्षं मुंबईकडे, त्याला काही कळेना. "फ्रीझ केलंय म्हणजे?"

"म्हणजे ठरलं, दादा," मी म्हटलं. "आता बदल नाही."