देवीच्या वतीनं सही

माझे वडील, कुशाबा, मुंबईत घोडपदेवला आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत अकरा महिने राहिले. परळच्या हॉस्पिटलात त्यांची केमो चालू होती. मी राहते तिथं त्यांना ठेवायला जागा नव्हती; खाट मिळाली ती धामणवेल ग्रामस्थ मंडळाच्या वेबसाइटवरून. ती चालवायचे लवूतात्या. वय अठ्ठ्याहत्तर, गिरणी बंद पडल्यावर कुरिअरची पाकिटं वाटलेला माणूस, दोन बोटांनी टाइप करायचा. बाबांना औषधानं ओकाऱ्या व्हायच्या तेव्हा पेजेचं भांडं घेऊन हेच उभे. त्यांचे उपकार विसरले तर मी माणूस कसली!

आमच्या मंडळाची एक रीत आहे. फार पूर्वी एका सेक्रेटरीनं मंडळाची तेव्हाची खोली स्वतःच्या नावावर केली आणि विकून मोकळा झाला. तेव्हा सभेत ठराव झाला, की यापुढं मंडळाची कुठलीही वस्तू माणसाच्या नावावर घ्यायची नाही, ग्रामदेवतेच्या नावावर घ्यायची. मग वेबसाइटच्या पत्त्यासाठी इंटरनेटवर गावाचं नाव नोंदवताना फॉर्ममध्ये 'मालक' आलं, तिथं तात्यांनी काय लिहावं? भावई देवी!

गेल्या वर्षी गावच्या किनाऱ्यावर एक बडं रिसॉर्ट उघडलं. त्यांनाही वेबसाइटसाठी तेच नाव हवं झालं. त्यांच्या वकिलांनी असे तंटे सोडवणाऱ्या लवादाकडे तक्रार ठोकली, की कुणा भावई नावाच्या खोट्या बाईच्या आडून मंडळानं नाव बळकावलंय. नाव गेलं तर गावचा पेशंट खाट शोधायला जाणार आणि त्याला दिसणार स्विमिंग पूल. माझं टाळकंच सटकलं. गावाचं नाव गावाचं नाही, तर काय तुमच्या बापाचं?

माटुंग्याच्या कॉलेजात मी क्लार्क आहे. ऑफिस सुटलं की रोज घोडपदेव गाठायचं आणि तात्यांच्या ट्रंकेतली इतिवृत्तांची वहीन्‌वही स्कॅन करायची. आठ दिवसांत त्या जुन्या ठरावासकट उत्तर पाठवलं. लवादाचं पत्र आलं: देवी मालक असू शकते, कायद्याला ते मान्य आहे. पण तिच्या वतीनं सही कोण करणार, ते पाच दिवसांत कळवा.

"तात्या, करा सही आणि सोडवा एकदाचं," मी म्हटलं.

"देवीक इचारल्याशिवाय?"

आणि म्हातारा निघाला गावाला, कौल लावायला. देवीच्या अंगाला पाकळ्या चिकटवतात, ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचं नाव घेतात. उजवी पडली तर होकार. "अहो, मुदत संपतेय आणि तुम्ही पाकळी पडायची वाट बघणार?" मी खूप बोलले, नको तेही बोलले. ते ऐकून घेऊन गेले.

चौथ्या दिवशी फोन आला. "कौल मिळालो गो. तुझ्या नावान."

माझ्या? मंडळाच्या कमिटीवर आजवर एक बाई नव्हती. पुरुषमंडळी थोडी कुरकुरली, पण देवीच्या शब्दापुढं कोण बोलणार! शेवटच्या दिवशी मी सही करून कागद पाठवला. दोन महिन्यांनी निकाल आला: नाव मंडळाकडेच राहणार. त्या दिवशी खोलीवर शिरा झाला. बाबांनीही दोन चमचे खाल्ले, आणि मला रडू आवरेना.

गर्दी पांगल्यावर मी तात्यांजवळ बसले. त्या दिवशी बोलले त्याची माफी मागितली. मग विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही राबलात आणि देवीनं तुम्हाला सोडून मला निवडलं. वाईट नाही वाटलं?"

तात्या हसले. "माझा नाव मी इचारूकच नाय गो. माझे आता किती दिस रवले? माझ्या मागसून पेशंटाक खाट कोण देतलो? म्हणान तुझाच नाव सांगलंय."

मी उठले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. देवीच्या नंतर पडेन म्हटलं, ती समजून घेईल.