चांगू उतेकरची डोली

ता. ९ जुलै १९३४, सोमवार. रुपये नऊ, आणे सहा. महाडच्या आमच्या धर्मार्थ दवाखान्याच्या वहीत चांगू उतेकरच्या नावापुढे ही ठेव माझ्या, म्हणजे तिथल्या कारकुनाच्या, हातची लिहिलेली आहे. रक्कम त्याची नव्हती. त्याला डोलीतून घेऊन आलेल्या चौघांनी आपापल्या कनवटी सोडून ती माझ्या टेबलावर ठेवली. नाणी ओली होती, टेबलही ओले झाले.

पोलादपूरच्या वर पाच मैल चढून गेले की खडकवाडी लागते. अठरा उंबऱ्यांची वस्ती. चांगू तिथला. वय पस्तिशीचे, अंगाने काटक, बोलणे कमी. पावसाळ्यात भात आणि नाचणी करायची, आणि उन्हाळ्यात पोलादपूरच्या दुकानांचे मीठ, गूळ, सुके मासे डोक्यावरून डोंगरातल्या वाड्यांना पोचवायचे, हा त्याचा क्रम. ओझी वाहून त्याला अंतर्गळ झाला होता, आतडे जांघेत उतरे. सहा वर्षे तो जांघेत फडक्याची घडी ठेवून वर लंगोटी आवळी आणि काम करी. त्या रविवारी शेतात चिखलणी करताना गळ बाहेर आला तो परत आत जाईना. दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. रात्री पोट ढोलासारखे फुगले. पावसामुळे मोटारी बंद होत्या. वेळूला घोंगडी बांधून चौघांनी त्याला सोळा मैल खांद्यावर आणले. बायको रखमा डोक्यावर इरले घेऊन मागून चालत आली.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया केली. आतडे काळे पडत चालले होते, पण मेले नव्हते. ते आत ढकलून त्यांनी जांघ शिवली. बाहेर आल्यावर हात धुताना ते म्हणाले, "आणखी दोन तास उशीर झाला असता तर मला काही करता आले नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो तर ते चौघे दवाखान्याच्या पडवीतच बसलेले. डोलीचा वेळू त्यांनी भिंतीला उभा टेकवून ठेवला होता. मला वाटले, पावसाच्या उघडिपीची वाट पाहत असतील. तिसऱ्या दिवशीही ते तिथेच होते. लावणीचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे मयताला खांदा द्यायलाही माणूस मिळायला मारामार. मी त्यांच्यातल्या हैबतीला विचारले. हा चौघांत वयाने मोठा, दात पुढे आलेले, तोंडाने सैल.

"घरी का जात नाही रे? रोगी आता डॉक्टरच्या हवाली आहे."

"डोली डॉक्टरनं उचलली का रावसाहेब? आमी उचलली."

"मग?"

"मंग आमीच उतरवायची. त्याच्या उंबऱ्यावर. त्याच्या आधी आमी आमचा उंबरा ओलांडला, तर त्याला वाटंत टाकला असं झालं."

खडकवाडीची ही रीत. ज्या खांद्यांवरून माणूस आजारी म्हणून गेला, त्याच खांद्यांवरून त्याने परत यायचे. तोवर डोलीचा वेळू आडवा जमिनीवर ठेवायचा नाही. खांदेकरी मोकळे होतात ते एकाच वाटेने: रोग्याने स्वतःच्या तोंडाने "तुम्ही मोकळे" म्हटले तर. आणि तो शब्द ज्याने जगण्याची आशा सोडली तोच उच्चारतो. हैबतीच्या आठवणीत तो दोघांनी उच्चारला होता. दोघेही वाडीला परत गेले नाहीत.

बंदराजवळ तय्यबशेठ म्हणून भाताचे व्यापारी होते, त्यांनी चौघांना वखारीत झोपायला जागा दिली आणि दिवसा पोती रचायचे काम दिले. चौघांचे पोट त्यावर भागे. पण गावी त्यांच्या राबातली, पेरून ठेवलेल्या वाफ्यातली, भाताची रोपे वाढत होती. रोप वेळेवर उपटून लावले नाही तर ते जून होऊन त्याला गाठी धरतात, मग ते लावून उपयोग नसतो. संध्याकाळी ते खाटेभोवती येऊन बसत आणि तेच बोलत. चांगू ऐके.

चौघांतला मुरारी म्हणे, "माझ्या राबात आता गुडघाभर रोप असंल."

हैबती म्हणे, "तुझा गुडघा केवढा? कोंबडीचा. चांग्या, तू नीट झोप रे. तुझं वजान उतरू दे. येताना भाताचं पोतं वाहिल्यागत झालं. माझा खांदा अजून खाली लोंबतोय."

चांगू हसे, पण हसताना टाके ओढले जात.

एके संध्याकाळी चौघे गेल्यावर तो रखमेला म्हणाला, "मी त्यांना मोकळं करतो गो. चार घरांचं पोट हाय."

रखमा त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "तो शब्द काढलास तर मी इथनं सावित्री नदीवर जाईन. परत येनार नाय."

त्याने शब्द काढला नाही. त्याऐवजी त्याने दुसरी वाट धरली, आणि पुढचे सर्व त्यातून झाले. हे मला रखमेने नंतर सांगितले.

पाचव्या दिवसापासून संध्याकाळी त्याला ताप येऊ लागला. शस्त्रक्रियेच्या रोग्याला ताप असला तर डॉक्टर सोडत नाहीत, हे त्याने शेजारच्या खाटेवरून ऐकले होते. कंपाउंडर संध्याकाळी फेरीला येई, काखेत थर्मामीटर लावी आणि पुढच्या खाटेकडे जाई. पाच मिनिटांनी येऊन आकडा लिहून घेई. चांगू रखमेकडून फडके रांजणातल्या पाण्यात भिजवून घेई आणि फेरीच्या आधी काखेत धरून ठेवी. थर्मामीटर लागला की ओली काख घट्ट मिटून पडून राही. अंगावर घोंगडी असे. कोणाला काही दिसत नसे.

त्या आठवड्यात दासगावाकडे पटकीची साथ सुरू झाली होती. डॉक्टर सकाळी आमच्याकडे खाटा पाहून जात ते रात्रीपर्यंत परत येत नसत. सकाळी चांगूचा ताप उतरलेला असे. वरून जखम कोरडी दिसे. डॉक्टर दाबून विचारीत, "दुखतं का?"

"नाय साहेब."

"नाडी इतकी जोरात का पळते तुझी?"

"दवाखान्याची सवय नाय साहेब. छाती धडधडते."

तक्त्यांची नक्कल वहीत करण्याचे काम माझे. तापाच्या रकान्यात सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, साडेसत्त्याण्णव, आणि नाडीच्या रकान्यात एकशे चार, एकशे आठ, एकशे बारा. माझा सारा जन्म हिशेबात गेला आहे. दोन रकाने एकाच गोष्टीबद्दल असून एकमेकांशी जुळत नसले, तर चूक कोठेतरी आहे एवढे मला कळते. ते मला त्या वेळीही कळले. पण वैद्यकी हा माझा विषय नाही असे म्हणून मी नक्कल पुरी केली आणि वही मिटली.

१९ जुलैला टाके काढून त्याला सोडले. उरलेली ठेव मी मोजून रखमेच्या हाती दिली. चौघे आनंदात होते. वेळूला घोंगडी बांधताना हैबती म्हणाला, "उद्या या वेळेला मी चिखलात. बायको म्हनंल, हा कोन परका मानूस आला."

पोलादपूरच्या अलीकडे एका ओढ्याला उतरताना डोलीला हिसका बसला. चांगू ओरडला नाही. थोड्या वेळाने मागच्या खांदेकऱ्याच्या पायावर काहीतरी गरम टपकले. त्याला वाटले पाऊस, पण पाऊस गार असतो. वास आला तेव्हा त्यांनी डोली झाडाच्या फांदीला अडकवून घोंगडी उघडली. शिवण उसवली होती आणि पू वाहत होता. चांगू डोळे मिटून म्हणाला, "चला पुढं. घर जवळ आलं."

हैबतीने त्याच्या कपाळाला हात लावला. मग रखमेकडे पाहिले. रखमेने तिथेच बसून सगळे सांगितले.

हैबती चांगूकडे वळला. मग म्हणाला, "आमच्यासाठी केलंस होय रे हे? आमाला इचारलंस?" आणि डोली फिरवली. घर सहा मैल राहिले होते आणि महाड दहा.

रात्री त्यांनी त्याला आणले. डॉक्टरांनी तक्ता मागवला, पाहिला आणि बाजूला ठेवला. रागावले नाहीत. अंगात इतका ताप आणि इतका थकवा असताना क्लोरोफॉर्म देणे त्यांना धोक्याचे वाटले. चौघांनी हातपाय धरले आणि डॉक्टरांनी शुद्धीतच जखम पूर्ण उघडून धुतली. जखमेत औषधाची वात भरली. दुसऱ्या दिवसापासून ती वात रोज सकाळी काढायची आणि नवी भरायची. कापडाची ती हातभर पट्टी ओढून बाहेर निघेपर्यंत चांगू दातात घोंगडीचा काठ धरी. तो काठ काही दिवसांत चावून तुटला. मांडीपर्यंत लाली उतरली, कातडी तकतकीत झाली, तो बडबडू लागला. कधी मिठाचा भाव विचारी, कधी बैलाला हाका मारी. खाटेखाली राख पसरून ठेवावी लागे, आणि शेजारच्या खाटांवरचे रोगी वासाने तोंड फिरवून जेवत.

२७ जुलैला दुपारी तो शुद्धीवर आला. डॉक्टरांनी आदल्या दिवशी रखमेला काय सांगितले होते ते त्याला कोणी सांगितले नव्हते, पण त्याला समजले असावे. त्याने चौघांना बोलावले. रखमा पाणी आणायला गेली होती.

"तुमी मोकळे," तो म्हणाला.

चौघे उभे होते. मुरारीने खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. दुसऱ्या दोघांनी लावला. हैबती खिडकीतून बाहेर पाहत होता.

"हैबती, तू पन. मोकळा."

"काय म्हनतोस?"

"मोकळा म्हनतो."

"मला ऐकू येत नाय. परवापासून कानात पानी गेलंय."

"हैबत्या, तुझं रोप कुजलं रे."

"मोठ्यानं बोल. नायतर बोलू नको, निज."

रखमा आली तेव्हा खाटेपाशी हैबती एकटा होता. तिने काय झाले ते ओळखले. ती सावित्रीवर गेली नाही. तिने घागर खाली ठेवली आणि वाटीत पेज गार करायला घेतली.

बाकीचे तिघे त्याच संध्याकाळी निघाले. त्यांना मी दोष देत नाही. तिघांच्या घरची लावणी निम्मीशिम्मी तरी झाली. हैबतीच्या घरी बायको, अंगावरचे मूल आणि आंधळी आई. बायकोने एकटीने जमेल तेवढी दोन चोंढी, म्हणजे शेताचे दोन लहान तुकडे, लावली, बाकीचे शेत तसेच राहिले. रोप तिने गुरांना कापून घातले. हा निरोप एका वाटसरूकडून आला तेव्हा हैबती वखारीत पोती रचत होता. तय्यबशेठ त्याला म्हणाले, "अरे, अजून जा. उशिराचं थोडं तरी लागेल."

"शेठ, वेळू भिताडाला उभा हाय. तो पडला तर कोन उभा करील?"

चांगू मेला नाही. डॉक्टरांनाही याचे कारण नीट सांगता आले नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाली मांडीवर थांबली, मग हळूहळू मागे हटली. पू पातळ झाला. तो पेज मागून घेऊ लागला. पण जखम तळातून भरेना. वात रोजच चालू होती. अंगावरचे मांस गेले. एकदा हैबतीने त्याला उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवले आणि म्हणाला, "आता बरा झालास. पोत्याचं सूप झालास. मला एकट्याला झेपशील."

तो विनोद खरा करावा लागला. ३ सप्टेंबरला चांगूला सोडले तेव्हा खांदेकरी एकच होता. तिघे मोकळे झालेले, ते रीतीप्रमाणे परत येऊ शकत नव्हते, आणि नवे खांदे लावायला रखमा तयार नव्हती. तय्यबशेठनी पोलादपूरपर्यंत बैलगाडी दिली आणि भाडे घेतले नाही. पुढचे पाच मैल हैबतीने त्याला पाठुंगळीला घेऊन चढवले. रखमा वेळू उभा धरून मागून चालली. वाटेत हैबती सात वेळा बसला, असे तिने सांगितले. उंबऱ्यावर त्याने चांगूला उतरवले, वेळू आडवा ठेवला आणि मग आपल्या घरी गेला.

मार्गशीर्षात चांगू जखम दाखवायला महाडला आला. काठी टेकत, एक पाय ओढत. जांघेत करंगळीचे पेर जाईल एवढे भोक राहिले आहे, ते अधूनमधून वाहते. ओझे त्याने आता कधीच उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मी त्याला वाडीची हकिगत विचारली.

"बोलत नाय कोन फारसं. मुरारी वाट बदलून जातो. मी शब्द काढला आनि परत आलो. त्यांना वाटतं, आमीच टाकला."

"आणि हैबती?"

"मुंबईला गेला. गोदीत. घरात दानं नव्हतं."

तोच पुढे म्हणाला, "त्याच्या शेताची लावनी येत्या पावसात आमी करू. त्याची लावनी सहा दिसांची. माझ्याच्यानं वाकवत नाय, रखमा करील. सहा दिस देनं हाय."

मग त्याने मला ते लिहून ठेवायला सांगितले. वाडीत कोणाला लिहिता येत नाही, आणि हैबती मुंबईला. मी दवाखान्याच्या वहीत नव्हे, माझ्या स्वतःच्या टिपणात लिहिले.

यंदा, म्हणजे १९३५ च्या जुलैत, रखमेने हैबतीच्या शेतावर चार दिवस लावणी केली. पाचव्या दिवशी सकाळी चांगूला ताप भरला आणि जखम पुन्हा फुटली. ती घरी राहिली. तेवढ्यात लावणीचे दिवस संपले.

हैबतीचे दोन दिवस देणे आहेत.