फाटलेली पारी

चतुर्थीच्या सकाळी माझा पुतण्या निनाद मोदक वळायला बसला होता. नोकरीची एक मुलाखत फसल्यापासून तो “माझं काही होणार नाही” एवढंच बोलायचा, म्हणून माझ्या बायकोने त्याला उकडीला जुंपलं होतं. कळ्या पाडताना त्याची पारी फाटली. दुसऱ्या मुलाखतीचा निकाल लागल्यासारखा तो तिच्याकडे बघत बसला.

“बघ काकू, हेही जमत नाही.”

शेजारी त्याची धाकटी बहीण सई. तिचीही पारी फाटली. तिने ती उकड पुन्हा मळली, त्यात मिरची, जिरं, कोथिंबीर घातली आणि थापून वाफवायला ठेवली.

“झाली निवगरी.”

“पण तू मोदक करत होतीस ना?” निनादने विचारलं.

“मघाशी करत होते.”

त्या ‘मघाशी’पाशी मी अडकलो. मी तर फाटलेल्या पाऱ्या जन्मभर सांधत बसलो, वर कुणाला दिसू नये म्हणून तूप ओतलं. उकडीला बिचारीला ठाऊकही नसतं, की तिचा मोदकच व्हायचं ठरलं होतं.

नैवेद्यानंतर निनादने शेवटची निवगरी तोंडात टाकली आणि आशेने स्वयंपाकघरात डोकावला.

“काकू, आणखी कुणाची फाटली नाही का?”