जिवाणूंच्या नावावर फाडलेलं बिल

मैत्रिणींनो, मघाशीच शेतातून आलेय. डोकं अजून तापलेलं आहे.

मागचा टोमॅटो मूळकुजीनं गेला, म्हणून यंदा मी हट्टानं सुडोमोनास आणलं. मुळांना बुरशीपासून राखणारे जिवंत जिवाणू. गुळाच्या पाण्यात मिसळून मीच ड्रिपमधून सोडले.

तरी झाडं माना टाकायला लागली. आज बांधावर मोठे दीर शेजाऱ्यांना म्हणाले, "बाईचं ऐकलं, आता बघा. जिवाणू-बिवाणू काय कामाचं न्हाई."

मी गुमान ड्रिपचा फिल्टर धुवायला गेले. तिथं तांब्याच्या बुरशीनाशकाची रिकामी पुडी पडलेली.

पुडी घेऊन बांधावर आले नि दिरांना विचारलं, "दादा, हे कुणी सोडलं?"

"मीच. तू जिवाणू सोडलं त्याच सांजेला. म्हटलं, जोडीला आसूद्या, डबल पॉवर."

"आवो, तांब्यानं बुरशीसंगं माझे जिवाणूबी मेले की!"

मग एक शेजारी हसला, "जाऊ द्या वहिनी, चांगल्यासाठीच केलं त्यांनी."

गावात मात्र एवढंच फिरतंय, आमच्या पिंपळवंडीत जिवाणू फेल गेले.

आणि आत्ता जेवताना घरात ठरलं, इथून पुढं ड्रिपमधून काय सोडायचं ते दादाच बघणार.

तुमच्याकडंबी असंच ठरतं का गं?