पेटीवरचा तळहात

हेटी क्रॉशॉचं अर्धं आयुष्य मँचेस्टरच्या गिरणीत गेलं. साचेखात्यात मागांचा असा गदारोळ, की बोंब मारली तरी शेजारणीला ऐकू जायचं नाही. म्हणून तिथल्या बाया जबडा भरपूर हलवून नुसत्या ओठांनीच बोलायच्या. नवऱ्यांच्या कागाळ्या, मुकादमाची टिंगल, सगळं बिनआवाजी.

नवरा गेल्यावर तिला नव्या गणकयंत्रावर काम मिळालं. खोलीभर पसरलेलं ते धूड मूळ संख्या शोधायचं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणाचाच पूर्ण भाग जात नाही, अशी. यंत्राला भोंगा जोडलेला. हिशेब नीट चालला की तो एका लयीत गुणगुणायचा, अडला की बेसूर व्हायचा. ज्याला कान नाही त्याला इथं काम नाही, हे यंत्राचं काम बघणाऱ्या थ्वेट साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि नेमके कानच हेटीला सोडून चालले होते. मागांनी खाल्ले, दुसरं काय! उजवा कधीचाच गेला होता, या हिवाळ्यात डावाही गेला. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. भोंग्याच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून बसायची. थरथर हातातून छातीत चढायची. डोळे मिटले की वाटायचं, आपण लांबच लांब गल्लीतून दारामागून दार ठोठावत चाललोय. एकेक दार म्हणजे भाग देऊन बघायचा एकेक आकडा; सगळी दारं बंद राहिली तर संख्या मूळ. नका गं उघडू, असं ती मनात विनवायची. खरं सांगायचं तर पगारापेक्षा तिला या गल्लीचीच ओढ जास्त होती.

कित्येक दिवस चाललेली एक मोठी संख्या होती. त्या दुपारी थरथर एकदम थांबली. यंत्राच्या काचेवर उत्तराचे ठिपके उजळायचे, ते बघून हेटीला कळलं, कुणाचातरी भाग गेला होता. तिला रडूच आलं. तशीच उठून ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"मूळ नाही निघाली, साहेब. दार उघडलं."

साहेब तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिनं पुन्हा सांगितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं घशाला हात लावला. घसा हलतच नव्हता. एवढ्या शांत खोलीत ती गिरणीतल्यासारखी नुसत्या ओठांनी बोलत होती, आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यानं तिला ते कळलंही नव्हतं. संपलं आपलं, तिला वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला. मग जबडा भरपूर हलवत, अजिबात आवाज न काढता ते म्हणाले, "माझी आई मागावर होती. तुम्हाला कधीपासून ऐकू येत नाही?"

"हिवाळ्यापासून," हेटी म्हणाली. या वेळी घशावर हात ठेवून, चांगलं मोठ्यानं.

"मग भोंगा मी ऐकतो. हात तुम्ही ठेवा."

त्यांनी पुढची संख्या यंत्रात चढवली. हेटीनं डोळे पुसले आणि पेटीवर तळहात टेकला. पहिलं दार बंदच होतं.