ग्रहणातले बोंबील

दादाला मुलगी झाली आणि तिच्या करंगळीशेजारी सहावं बोट निघालं. आईने खापर वहिनीवर फोडलं. ग्रहण लागलेलं असताना हिने बोंबील कापले, म्हणून पोरीला असं झालं म्हणे. मी नायगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. जनुकात बदल झालेला असतो, तो आईकडून नाहीतर बापाकडून येतो, विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आई मान डोलवायची आणि बाळाला बघायला कुणी आलं की परत बोंबलांपासून सुरू करायची. वहिनीने तर विळीला हात लावणंच सोडलं.

शेवटी तुळिंजच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं बोट होतं का.

आई सहज म्हणाली, "हिच्या बापाला होतं ना. तान्हा होता तेव्हा दोरा बांधून पाडलं."

दादाच्या करंगळीखालची ती गाठ मी आजवर चामखीळ समजत होते.

परतताना रिक्षात मला राहवेना. "मग दादाच्या वेळी ग्रहणात तू काय कापलं होतंस?"

"काहीच नाय," आई म्हणाली. "पन तुझी आजी मरेपर्यंत सांगत होती, मी दुधी चिरला."